खासगी बीएस्सी नर्सिंगची फी भरण्याआधी: काय तपासायचे, कोणत्या क्रमाने आणि हिशेब कसा मांडायचा

बारावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत या प्रवेशाचा क्रम उलटा लागतो. आधी दहा-वीस हजार भरून ‘सीट बुक’ होते, मग कॉलेज बघायला जातात, मग कर्जाची चौकशी होते आणि पगार किती मिळेल हा प्रश्न चौथ्या वर्षी निघतो. तोवर आठ-दहा लाख गेलेले असतात. खाली दिलेला क्रम याच्या नेमका उलटा आहे. लेख महाराष्ट्रातल्या चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगबद्दल आहे. हिशेबातले फीचे आणि खासगी पगाराचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कॉलेजचे आणि तुमच्या शहरातले आकडे त्या जागी घाला.

## टप्पा १ : कोणत्या नोकरीसाठी पदवी हवी ते आधी लिहा

‘नर्सिंगला स्कोप आहे’ या वाक्याच्या भरवशावर हिशेब मांडता येत नाही. एका कागदावर मुलीला किंवा मुलाला कुठे काम करायचे आहे ते लिहा आणि तिथे पदवी खरोखर लागते का ते बघा.

राज्य शासनाची अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरती: इथे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ही तीन वर्षांची पदविकाही चालते. वेतनस्तर एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. पद एकच असल्याने बीएस्सी केलेल्या आणि जीएनएम केलेल्या सिस्टरचे मूळ वेतन सारखेच सुरू होते. फक्त याच भरतीसाठी महागडी पदवी घ्यायचे कारण नाही.

एम्सची नर्सिंग ऑफिसर परीक्षा, म्हणजे नॉरसेट: वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९००. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची पदवी) झालेल्यांना परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की थेट बसता येते. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीचा खरा फायदा इथे दिसतो. मुलांनी एक गोष्ट आधीच धरून चालावे: एम्सच्या या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात.

समुदाय आरोग्य अधिकारी: उपकेंद्रावरचे कंत्राटी पद. दरमहा २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. बीएस्सीचा इथेही उपयोग होतो.

शिकवण्याची नोकरी: ट्यूटरच्या पुढच्या पदांसाठी एमएस्सी हवी आणि एमएस्सीसाठी बीएस्सीनंतर एक वर्षाचा अनुभव. हा रस्ता पदवीशिवाय सुरूच होत नाही.

परदेश: हा विषय टप्पा ७ मध्ये घेतला आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

तपासणी: कागदावर ‘कुठेही चालेल’ असे लिहिले गेले असेल, तर महाग कॉलेजचा विचार इथेच थांबवा आणि टप्पा २ मधल्या जागांवर जोर द्या.

## टप्पा २ : स्वस्त जागांचे दरवाजे आधी ठोठावा

बीएस्सी नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, एकत्रित ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के), आणि प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीला कोणी बीएस्सी नर्सिंगची जागा देऊ करत असेल, तर तो सरळ फसवतो आहे. तिला जीएनएम करता येते.

मग हा क्रम धरा:

१. राज्याच्या सीईटी सेलची बीएस्सी नर्सिंग सीईटी (प्रवेश परीक्षा) द्याच. शासकीय कॉलेजांच्या जागा आणि खासगी कॉलेजांच्या केंद्रीभूत फेरीतल्या (कॉलेज नव्हे, सीईटी सेल गुणवत्तेने भरते त्या) जागा या परीक्षेवरून भरतात. ‘आमच्याकडे सीईटीची गरज नाही’ हे ऐकले की शिष्यवृत्तीचे काय होते, हा पुढचा प्रश्न विचारायचा.

२. नीट दिली असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा विचार करा. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय) ४० आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात ४० जागा, देशभरात सहा ठिकाणी मिळून २२०. शिक्षणाचा खर्च सैन्यदलाचा, नंतर ठरावीक वर्षे सेवेचा करार.

३. कागदपत्रे निकालाआधी काढा: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमी लेयर, जातवैधता. जातवैधतेला महिने लागतात आणि ती नसल्याने हातातली राखीव जागा गेल्याची उदाहरणे दरवर्षी असतात.

४. शिष्यवृत्तीचे गणित जागा स्वीकारण्याआधी मांडा. २०२४-२५ पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. अट एकच, पण कडक: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन (संस्थेच्या) कोट्यातून किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करायचा.

सावधान: पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून घाबरून दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कोट्यात पैसे भरणे ही सगळ्यात महाग चूक. पुढच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबा. पात्र मुलीसाठी त्या आठ-दहा दिवसांची किंमत चार वर्षांच्या शिक्षण शुल्काएवढी असू शकते.

## टप्पा ३ : मान्यतेचे कागद तीन ठिकाणी ताडून बघा

कॉलेजच्या भिंतीवरची फ्रेम ग्राह्य धरू नका. तीन ठिकाणी नाव शोधा: भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत. अभिमत विद्यापीठ असेल तर तिसऱ्या जागी ते विद्यापीठ स्वतः येते, पहिल्या दोन याद्या तशाच राहतात.

नाव सापडले की तीन गोष्टी जुळवा: संस्थेचा पत्ता, अभ्यासक्रम आणि प्रवेशक्षमता. एकाच ट्रस्टची जीएनएम शाळा मान्य असते आणि बीएस्सीचे कॉलेज नवे असते, ही नेहमीची गल्लत. चालू शैक्षणिक वर्षाची परवानगी मागा. दोन वर्षांपूर्वीचे पत्र दाखवले तर नवे का नाही ते विचारा.

कर्नाटकातल्या कॉलेजात पाठवणारे एजंट आपल्याकडच्या जिल्ह्यांतही फिरतात. तिथले कॉलेज मान्यताप्राप्त असेल तर पदवी चालते, पण राज्याच्या शिष्यवृत्तीचे आणि परत आल्यावर इथल्या परिषदेकडे नोंदणी वळवून घेण्याचे कामही हिशेबात धरा. ‘हजेरीची गरज नाही, परीक्षेला या’ असे सांगणारे कॉलेज कुठल्याही राज्यातले असो, सोडून द्या. नियमाने थिअरी व प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी रुग्णालयातले काम १०० टक्के पूर्ण व्हावे लागते.

सावधान: ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांचे सहा महिने-वर्षाचे कोर्स केल्यावर परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे वर लिहिलेली एकही नोकरी नाही.

## टप्पा ४ : कॉलेज नंतर, आधी रुग्णालय बघा

फीचे पैसे तुम्ही इमारतीला देत नाही, रुग्णांजवळ शिकायला मिळावे म्हणून देता. बीएस्सी कॉलेजला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा परिषदेचा निकष आहे. खाटा कागदावर सगळ्यांकडे असतात, रुग्ण असतातच असे नाही.

कसे बघायचे: आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी साडेदहा-अकराला, न कळवता जा. पाहणीच्या दिवशी गावातून माणसे आणून खाटा भरण्याचे प्रकार या क्षेत्रातल्या कुणालाही नवे नाहीत, म्हणून तारीख घेऊन गेलात तर काही कळणार नाही. केसपेपर काढायच्या रांगेत किती माणसे आहेत बघा. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांवरून एक फेरी मारा, जिथपर्यंत जाऊ देतील तिथपर्यंत. बाहेरच्या रुग्णालयांशी संलग्नता असेल तर तिथे खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या असाव्यात असा निकष आहे. निम्म्या गाद्या गुंडाळलेल्या, सलाईनचे स्टँड कोपऱ्यात ढकललेले आणि ड्रेसिंग ट्रॉलीवर धूळ दिसली, तर उत्तर मिळाले.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठा, ऑफिसच्या बाहेर, शक्यतो बसथांब्यावर किंवा मेसपाशी. ‘कॉलेज कसं आहे?’ असे विचारू नका, त्यावर ‘चांगलं आहे’ एवढेच ऐकू येते. असे विचारा:

- प्रसूतीच्या लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) जेवढ्या नोंदी आहेत त्यातल्या स्वतःच्या हाताने केलेल्या किती?
- आयसीयूत ड्यूटी कुठे लागते आणि तिथे किती दिवस?
- बाहेरच्या रुग्णालयात जायची बस रोज असते का, तिचे पैसे वेगळे का?
- वॉर्डात सोबत ट्यूटर असतात की सोडून निघून जातात?
- मागच्या बॅचमधल्या किती जणी नोकरीत आहेत आणि हातात किती येतात?

पहिल्या प्रश्नावर मुली एकमेकींकडे बघून हसल्या तर समजून घ्या. जिथे लेबर रूमला कामच नसते तिथे लॉगबुक एका रात्रीत, मागच्या बॅचचे समोर ठेवून, एकाच पेनाने भरले जाते. तशी पदवीही मिळते आणि नोंदणीही होते. मग पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावायला सांगतात.

शिक्षकांचे प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक हवे. ६० च्या प्रवेशक्षमतेचे कॉलेज चारही वर्षे भरलेले असेल तर २४ शिक्षक होतात. वेळापत्रकावरची नावे मोजा. पाच-सहाच नावे फिरून फिरून येत असतील तर बाकीचे फक्त पाहणीपुरते आहेत. प्राचार्यांकडे एमएस्सी नर्सिंग आणि १५ वर्षांचा अनुभव असावा लागतो. त्या रोज येतात का, हे शिपायाला विचारा.

तपासणी: हा टप्पा नापास झाला तर पुढचा हिशेब मांडू नका. फी कमी असली तरीही.

## टप्पा ५ : चार वर्षांचा पूर्ण खर्च एका पानावर

माहितीपत्रकावर वर्षाची फी असते आणि लोक तिला चाराने गुणून मोकळे होतात. विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती कॉलेजवार जाहीर असते. आधी तो आकडा काढा. कॉलेजने सांगितलेली रक्कम त्याहून जास्त असेल तर फरक कशाचा, ते लेखी मागा. पावतीशिवायचे देणगीवजा पैसे घेणे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अभिमत विद्यापीठांना हे प्राधिकरण लागू नाही, त्यांची फी चार वर्षांत वाढते का ते प्रवेशाच्या पत्रात बघा.

एका महागड्या कॉलेजचा नमुना:

- फी १,७५,००० × ४ = ७,००,०००
- वसतिगृह व मेस ८५,००० × ४ = ३,४०,०००
- परीक्षा, गणवेश, पुस्तके, बस, सामुदायिक आरोग्याच्या ड्यूटीचा प्रवास २५,००० × ४ = १,००,०००
- एकूण ११,४०,०००

अनामत, ‘लॅब किट’, पहिल्या वर्षी एकदाच घेतली जाणारी विद्यापीठाची पात्रता फी हे सगळे तिसऱ्या ओळीत घाला. आठवे सत्र इंटर्नशिपचे असते. त्या सहा महिन्यांत राहायचे कुठे आणि पैसे कोण देणार, हे विचारायला बहुतेक जण विसरतात.

## टप्पा ६ : पगारापासून मागे येत कर्ज ठरवा

बँक किती कर्ज देईल, हा प्रश्न आधी विचारायचा नाही. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज साधारणपणे तारणाशिवाय मिळते, म्हणून लोक साडेसात लाख घेतात. पहिल्या पगारातून हप्ता किती निघेल, इथून सुरुवात करा.

पगार शोधायची पद्धत: ज्या शहरात राहायचे आहे तिथल्या तीन रुग्णालयांत (एक मोठे कॉर्पोरेट, एक ट्रस्टचे, एक ३०-४० खाटांचे) नव्या मुलीला हातात किती मिळतात ते तिथे काम करणाऱ्या सिस्टरना विचारा. भविष्य निर्वाह निधी आणि रुग्णालयाच्या वसतिगृहाचे पैसे कापल्यावरचा आकडा घ्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० द्यावेत आणि २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतका पगार असावा, अशी शिफारस केली होती. तिच्यावर विसंबून हिशेब मांडू नका, प्रत्यक्ष मिळतो तोच आकडा धरा.

आता वरच्या नमुन्यातली फक्त फी, ७ लाख, दरवर्षी १,७५,००० प्रमाणे साडेदहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतली असे धरू. शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच असते. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन. एकूण व्याज २,५७,२५०. हप्ता सुरू होतो त्या दिवशी देणे ९,५७,२५०. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याला सुमारे १२,९००, म्हणजे एकूण साडेपंधरा लाख. पंधरा वर्षे घेतली तर सुमारे १०,६००.

हातात २०,००० येणार असतील तर १२,९०० चा हप्ता म्हणजे उरले ७,१००. पुण्या-मुंबईत खोलीभाडेही निघत नाही.

म्हणून उलटे जा. हप्ता हातातल्या पगाराच्या ३० टक्क्यांच्या वर नेऊ नका: २०,००० वर ६,०००. दहा वर्षांत ६,००० च्या हप्त्याने फिटणारे देणे सुमारे ४,४५,०००. त्यातून साचलेले व्याज वजा केले तर मूळ कर्ज सव्वातीन लाख, म्हणजे वर्षाला ८१,०००. २०,००० च्या पगाराला एवढेच झेपते. याच्या वरची रक्कम घरातल्या शिलकीतून किंवा शिष्यवृत्तीतून येणार असेल तर ठीक. जमीन किंवा दागिने गहाण टाकून येणार असेल तर तो दुसरा हप्ताच आहे.

शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर झेपणारे मूळ कर्ज ४,४५,००० पर्यंत जाते. उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातल्या व्याजावरील केंद्राच्या अनुदानाबद्दल बँकेत आधी विचारा. अर्ज मागाहून होईल असे गृहीत धरू नका. पीएम विद्यालक्ष्मी योजनेतली सवलत ठरावीक यादीतल्या संस्थांनाच आहे, तुमचे कॉलेज त्यात आहे का ते बघा.

## टप्पा ७ : तुलना कशाशी करायची

लोक पावणेदोन लाखांच्या कॉलेजची तुलना दोन लाखांच्या कॉलेजशी करतात आणि पंचवीस हजार वाचवल्याचा आनंद मानतात. तुलना जीएनएमशी करायची.

जीएनएम तीन वर्षे. समजा फी, वसतिगृह, इतर मिळून ४,८०,०००. चौथे वर्ष नोकरीचे, हातात १६,००० धरले तर १,९२,०००. म्हणजे ११,४०,००० च्या पदवीची जीएनएमपेक्षा जादा किंमत ६,६०,००० अधिक १,९२,०००, एकूण ८,५२,०००. खासगी रुग्णालयात त्याच वॉर्डात, त्याच ड्यूटीला बीएस्सीवालीला महिन्याला ३,००० जास्त मिळाले तर ही रक्कम भरून यायला जवळपास पावणेचोवीस वर्षे लागतात. नॉरसेट निघाली तर दोन-अडीच वर्षांत वसूल होते.

म्हणून महाग कॉलेजचा निर्णय शेवटी एका प्रश्नावर येतो: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास खरोखर होणार आहे का? सीईटीला न अभ्यास करता बसलेल्या मुलीबद्दल ‘नॉरसेट काढेलच’ असे पालकांनी म्हणू नये.

आणि हीच पदवी केंद्रीभूत फेरीतून, शिक्षण शुल्क माफ होऊन मिळाली, तर वरच्याच वसतिगृहाच्या दराने चार वर्षांचा खर्च ४,४०,००० च्या आत येतो, जीएनएमपेक्षाही कमी. तिथे विचार करत बसू नका, घ्या.

जीएनएम करून पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी हाही रस्ता आहे. एक वर्ष जास्त जाते, पण मधे नोकरी करून पैसे उभे करता येतात.

परदेशाबद्दल: ‘आमच्याकडून जर्मनी पक्की’ हे ऐकून जादा फी देऊ नका. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला बी-२ पातळीची जर्मन लागते, ब्रिटनला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ किंवा त्या तोडीची ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा). ती भाषा कॉलेजची फी शिकवत नाही. या दोन्ही देशांत जीएनएम झालेल्यांनाही अर्ज करता येतो. आखाती देशांत बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. नोंदणीकृत भरती एजंटला कायद्याने ३०,००० आणि त्यावरील जीएसटी एवढीच सेवाफी घेता येते. लाखांची भाषा आली की उठून या.

## टप्पा ८ : पैसे भरण्याचा दिवस

१. रक्कम संस्थेच्या खात्यात, बँकेमार्फत. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही.

२. पावतीवर अभ्यासक्रम, वर्ष आणि फीचा प्रत्येक भाग वेगळा हवा. ‘डोनेशन’ किंवा ‘इतर’ अशी ओळ असेल तर तिथेच विचारा.

३. प्रवेश रद्द केल्यास परताव्याची तारीख लेखी घ्या. केंद्रीभूत फेरी चालू असताना संस्थेत पैसे अडकवले तर चांगली जागा लागूनही मुले हलू शकत नाहीत, कारण परतावा लेखी ठरलेला नसतो.

४. मूळ गुणपत्रिका आणि दाखला पडताळणीसाठी दाखवा. जमा करायला लावले तर यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्या.

५. पदवीनंतर त्यांच्याच रुग्णालयात दोन वर्षे काम करण्याचा बाँड असेल तर सही करण्याआधी पगाराचा आकडा त्यात लिहून मागा. आकड्याशिवायचा बाँड म्हणजे तुमचा टप्पा ६ चा हिशेब त्यांच्या हातात.

## आधीच प्रवेश घेतला असेल तर

पहिल्या वर्षात असाल तर भरलेली फी हिशेबातून काढून टाका आणि उरलेल्या तीन वर्षांच्या खर्चाची तुलना जीएनएमच्या तीन वर्षांशी करा. फरक थोडा निघाला तर तिथेच पूर्ण करा. मान्यतेतच घोळ निघाला तर भरलेल्या पैशाकडे न बघता बाहेर पडा. तिसऱ्या वर्षात असाल तर सोडण्यात अर्थ नाही. कर्जाचे व्याज आतापासून भरायला घ्या आणि सुट्टीच्या दिवशी सरकारी रुग्णालयात हाताला काम मिळवायची परवानगी प्राचार्यांकडे मागा. कॉलेजचे वॉर्ड रिकामे असतील तर ती विनंती वर्गातल्या सगळ्यांनी मिळून, लेखी करा. एकटीच्या तोंडी विनंतीला ‘बघू’ एवढेच उत्तर येते.